टाळ वाजत राहतो तेव्हा

आषाढाच्या तोंडावर दोन-चार मजला पालखीबरोबर चालून घरी परतलेला शहरातील सुशिक्षित गृहस्थ, पायांचे फोड अजून वाळले नसताना, भेटेल त्याला एक गोष्ट आवर्जून सांगतो, आणि ती म्हणजे तेथे मनाला लाभलेली अपूर्व शांतता. हे तो प्रामाणिकपणे सांगतो याविषयी मला शंका नाही. परंतु वारीत ज्याने खरोखर पाऊल टाकले आहे त्याला हेही ठाऊक असते, की एवढा गलबला, एवढी धांदल आणि एवढा अखंड नाद महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच अनुभवास येईल. रात्र सरण्यापूर्वीच पाण्याच्या टँकरपाशी हंड्या-बादल्यांचा खणखणाट सुरू होतो, राहुट्या उपटून ट्रकांत भरण्याची घाई उडते, एकीकडे काकड्याचे अभंग आणि दुसरीकडे ट्रकचालकांची हुज्जत यांचा एकच कल्लोळ होतो. आणि पुढे दिवे घाटाच्या चढणीवर तर दिंड्यादिंड्यांचे टाळमृदंग एकमेकांत असे मिसळून जातात, की शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. अशा ठिकाणी लाभते ती शांतता कोणती, आणि ती लाभते कशामुळे, हा प्रश्न त्या गृहस्थाने स्वतःस सहसा विचारलेला नसतो. हिरवी शेते, भोळी माणसे आणि विठ्ठलनामाचा महिमा अशी ठरावीक उत्तरे पुढे करून तो मोकळा होतो. ती उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत.

माझ्या समजुतीप्रमाणे या शांततेचे मर्म रस्त्यावर सापडत नाही, ते संध्याकाळी तळावर सापडते. माउलींची पालखी मुक्कामी येते तेव्हा दिवस कलत आलेला असतो, आणि दिवसभर चालून आलेल्या दिंड्या, विणेकरी आणि टाळकरी आपापल्या जागी सांभाळून, पालखीभोवती रिंगण धरून उभ्या राहतात. टाळांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. अशा वेळी चोपदार आपला दंड उंच धरतो, एक दीर्घ आरोळी देतो, आणि क्षणापूर्वी ज्या मैदानात स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नव्हता तेथे सहस्रावधी माणसे एकदम स्तब्ध होतात. वर्तमानपत्रांचे बातमीदार या स्तब्धतेचे वर्णन मोठ्या कौतुकाने करतात, आणि ते कौतुक योग्यही आहे. परंतु त्यानंतर जे घडते त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. शिरस्ता असा, की ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ थांबवायचा नाही. सगळे मैदान गप्प झालेले असताना एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहतो, आणि तो वाजत राहिला तर त्यात कोणाचा अवमान झाला, शिस्तीचा भंग झाला, असे कोणी मानीत नाही. उलट चोपदाराने स्वतः त्या दिंडीकडे चालत जायचे, काय झाले ते ऐकून घ्यायचे आणि तेथल्या तेथे निवाडा करायचा, किंवा प्रकरण मोठे असेल तर पालखीच्या मालकांच्या कानी घालायचे, असा दंडक आहे. दाद लागली म्हणजे टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी पुकारली जाते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते, आणि सर्वांच्या शेवटी आरती होते. एका दिंडीची फिर्याद ऐकून होईपर्यंत साक्षात ज्ञानदेवांच्या पादुकांची आरती खोळंबून राहते, ही गोष्ट मला सगळ्या सोहळ्यात सर्वांत अर्थपूर्ण वाटत आली आहे. घोड्यांचे रिंगण पाहायला गर्दी लोटते, ती लोटो.

नीरेच्या पलीकडच्या एका तळावर हा प्रकार मी जवळून पाहिला. सारे मैदान शांत झाले आणि रथामागच्या बाजूने टाळ येतच राहिला. वाजविणारे चार-पाच जण होते. पुढचा साठी ओलांडलेला, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, आणि चेहऱ्यावर रागाचा लवलेशही नाही. जणू दिवसभर वाजविला तसाच हाही टाळ, त्याच लयीत, त्याच हाताने. चोपदार गर्दीतून वाट काढीत आला आणि म्हणाला, "बोला माउली." वृद्धाने टाळ न थांबविताच सांगितले, "मागच्या दिंडीतली माणसं आमच्या तुळशीवाल्या बायांच्या अंगावर येत्यात, माउली. सकाळधरनं सांगतोय, कुणी ऐकंना." मागच्या दिंडीचा विणेकरी बोलावला गेला. त्याने आपली बाजू मांडली, की वाटेत मोकळी माणसे मध्ये शिरली, त्यांच्या रेट्याने आमचीही माणसे पुढे ढकलली गेली. चोपदाराने दोन्ही ऐकून, उद्यापासून दोन दिंड्यांत किती अंतर राखायचे आणि मोकळ्या माणसांना कोणी आवरायचे हे सांगितले. विणेकऱ्याने वृद्धाच्या पायांना हात लावला, वृद्धाने त्याच्या. टाळ थांबला. या सगळ्यास विडा लावून तोंडात घालण्याइतकाही वेळ लागला नसेल. येथे कोणी कोणाला क्षमाशीलतेचा उपदेश केला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रश्न अंतराचा होता, आणि अंतर ठरवून दिले गेले.

या व्यवस्थेमागे फौजेतील शिस्त आहे, असे जाणकार सांगतात, आणि त्यात तथ्य असावे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पादुका पालखीत घालून वारी नेण्याची प्रथा पाडली. ज्ञानदेवांचा स्वतंत्र सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी उभा केला, आणि हे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले, सातारा प्रांतातील आरफळचे गृहस्थ होते. मुक्कामाचा बंदोबस्त, कूच करण्यापूर्वी वाजणारा कर्णा, जरीपटक्याचा घोडा, दिंड्यांचा ठरलेला अनुक्रम, हे सारे पाहिले म्हणजे लष्करी मुलकाचा वास येतो. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात ते आजही येतातच. मात्र फौजेतील शिपाई हुकूम होताच गप्प बसतो, आणि वारीतील फिर्यादी हुकूम झाल्यावरही वाजवीत राहू शकतो. शिपाईगिरी सोडून भक्तिमार्गास लागलेल्या माणसांनी शिस्त तेवढी घेतली आणि तिचे तोंड फिरविले, असे मला वाटते.

आता ग्रंथाकडे वळू. कारण वारी ही चालती पोथी आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि पोथी म्हटली म्हणजे शांतिपाठ, उपशम, निर्वैर अशा शब्दांची माळ आपल्याकडे आपोआप ओढली जाते. ज्ञानेश्वरी ज्या गीतेवरची टीका, तिचा प्रारंभ कशाने होतो? एका दीर्घ गाऱ्हाण्याने. पहिला संपूर्ण अध्याय अर्जुनाच्या विषादाने व्यापलेला आहे, आणि त्या साऱ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या मुखी अवघे एक वाक्य आहे, तेही केवळ जमलेल्या कौरवांकडे पाहा असे सांगणारे. ज्याला पुढे सतरा अध्याय बोलायचे आहे तो आधी ऐकून घेतो. अर्जुनाचे म्हणणे पुरते चुकीचे होते असे मानणारांनीही ते मध्येच तोडण्यात आलेले नाही, त्यास मनसोक्त बोलू दिले आहे, याची नोंद घ्यावयास हवी. ज्ञानदेवांनी 1290 साली नेवाशास ही टीका सांगितली. संन्याशाची पोरे म्हणून या भावंडांना बहिष्कार भोगावा लागला, त्यांच्या मातापित्यांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे परंपरा सांगते. आणि एवढे सोसलेल्या त्या तरुणाने ग्रंथान्ती जे मागणे मागितले त्यात दुर्जनांचा नाश नाही, त्यांच्या ठायीची वक्रता तेवढी जावी एवढीच विनंती आहे. या उदारतेचे गोडवे आपण गातो आणि ते गावेतच. पण हे मागणे नऊ हजार ओव्यांच्या शेवटी आले आहे, आरंभी आलेले नाही, याचा आपल्याला विसर पडतो. सभेच्या प्रारंभीच पसायदान म्हणून घ्यायचे आणि मग कोणी कुरकूर करू नये अशी अपेक्षा धरायची, ही आपली आधुनिक सोय आहे.

गीतेपेक्षाही वाटेवर अधिक तोंडी असते ती संतांची गाथा, आणि ती तर तक्रारींनी खच्चून भरलेली आहे. तुकोबा विठोबाशी भांडतात, त्याला धारेवर धरतात, त्याच्या कर्तबगारीविषयी शंका घेतात. जनाबाई तर त्यास हक्काने फैलावर घेते. चोखोबांचे अभंग म्हणजे महाद्वाराबाहेर उभ्या केलेल्या माणसाने आत बसलेल्यास घातलेली साद आहे, आणि तिच्यात विनयाइतकीच वेदनेची धार आहे. हे अभंग टाळावर म्हणत माणसे चालतात. चाल संथ, पावले सारखी, आणि ओठांवर मात्र देवाशी मांडलेला वाद. खोलीचे दार लावून गाथा वाचणारास ही विसंगती कदाचित खटकेल. चालणारास ती खटकत नाही, कारण चालताना वाद हा पावलांच्या ठेक्यात बसून जातो आणि तरीही वादच राहतो. फलटणच्या तळावर एका ट्रकच्या सावलीत पाय पसरून बसलेली एक म्हातारी हरिपाठ म्हणता म्हणता मध्येच थांबून सुनेला चहात साखर कमी पडल्याचे सांगत होती आणि पुन्हा त्याच ओळीपासून पुढे जात होती. तिच्या हरिपाठात खंड पडला असे म्हणायला मी तयार नाही.

परंतु येथवर केलेले गुणगान ज्याच्या हाती टाळ आहे त्यालाच लागू पडते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चोपदार ज्याच्याकडे चालत जातो तो दिंडीतील टाळकरी असतो. क्रमांकाच्या दिंडीत नसलेला, गठुडे डोक्यावर घेऊन एकटादुकटा चालणारा मोकळा वारकरी त्या मैदानात काय वाजवील? दिंडीतील बायांच्या डोक्यावर तुळस असते, हंडा असतो. टाळ बहुतांशी पुरुषांच्या गळ्यात. त्या नीरेपलीकडच्या तळावरही धक्के खाल्ले होते ते बायांनी, आणि तक्रार वाजली ती एका पुरुषाच्या हातून. भल्या माणसाने ती वाजविली म्हणून निभावले. आणि जे दिंडीतच नव्हते, किंवा असूनही वेगळे होते, त्यांचे काय? इरावतीबाई कर्वे यांनी वारीवरच्या आपल्या 'वाटचाल' या लेखात, एकाच दिंडीतील ब्राह्मण बाया आणि मराठा बाया अभंग एकत्र म्हणतात आणि जेवायला मात्र वेगळ्या बसतात, याची खंत लिहून ठेवली आहे. ज्या लेखात त्यांनी पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र अशी व्याख्या सुचविली, त्याच लेखात ही खंत आहे. व्याख्या सर्वांच्या तोंडी झाली. खंतीचा उल्लेख कोणी करीत नाही.

चोखोबांची कैफियत तर सहाशे वर्षे दप्तरात पडून राहिली. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून 1338 साली त्यांचा अंत झाला, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, हे सर्वश्रुत आहे; दरवर्षी लक्षावधी वारकरी त्या समाधीस हात लावून पुढे गेले, त्यांचे अभंग आत-बाहेर गाइले गेले, आणि त्यांच्या जातीच्या माणसांनी मात्र पायरीशीच थांबावे हा नियम अबाधित राहिला. अखेर 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण आरंभिले, दहाव्या दिवशी ते सुटले, आणि दार उघडले. त्याच्या पंधरा वर्षे आधी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने ज्यांनी तोंडून निघतील तशी टिपून घेतली ते हेच गुरुजी. ज्याने गीता कानांनी ऐकली आणि हातांनी लिहिली, त्याच्या हाती शेवटी उपाशी बसण्याखेरीज दुसरा टाळ उरला नव्हता, याचा सर्व फडकऱ्यांनी, कीर्तनकारांनी आणि आपण साऱ्यांनीच विचार करावा. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्यांची दाद मंदिरात लागली नाही त्यांची नावे ग्रंथाच्या पहिल्या पानावर गेली.

विनोबांचा उल्लेख आला म्हणून त्यांच्या पदयात्रेविषयीही थोडे सांगतो, कारण ग्रंथ, शांतता आणि चालणे ही तिन्ही तेथे एकत्र आली होती. 1951 साली तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालला होता. एकीकडे सशस्त्र उठाव आणि दुसरीकडे पोलिसांचा बंदोबस्त, अशा मुलखातून गीता आणि उपनिषदे जगलेला हा माणूस पायी चालत निघाला. 18 एप्रिल रोजी पोचमपल्लीस हरिजन वस्तीतील लोक भेटले, त्यांना त्याने शांततेचा महिमा ऐकविला नाही, तुम्हाला काय हवे ते विचारले. त्यांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी ही मागणी गावासमोर ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाचे पुढे जे झाले, दान मिळालेल्या जमिनीपैकी किती खडकाळ निघाली आणि किती वाटलीच गेली नाही, तो इतिहास उत्साहवर्धक नाही आणि तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही. परंतु त्या पहिल्या दिवशी प्रश्न विचारला गेला आणि उत्तर ऐकले गेले, एवढे श्रेय त्या चालण्यास द्यावेच लागेल. नंतर 1958 साली हीच पदयात्रा पंढरपुरास आली तेव्हा विनोबा अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलाच्या दर्शनास गेले; देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा फकिराच्या दर्ग्याशी थांबून आरती घेते, त्या संप्रदायास हे जड जाण्याचे कारणही नव्हते.

आता हे सर्व आजच लिहिण्याचे प्रयोजन सांगतो. आषाढी सरली की आपल्याकडे सणांची रांग लागते, आणि तिच्या आधी गावोगावच्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका भरतात. या बैठकांचे स्वरूप ज्याने पाहिले आहे त्यास ते निराळे सांगायला नको. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत तेच प्रतिष्ठित नागरिक असतात. सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे, आणि कित्येक वर्षे तेच. साहेब प्रास्ताविक करतात, आवाजाच्या मर्यादेचे आणि मिरवणुकीच्या वेळेचे नियम वाचून दाखवितात, सर्वांनी सहकार्य करावे असे आवाहन होते, आपल्या गावास एकोप्याची परंपरा आहे असे दोन वक्ते सांगतात, चहा येतो, छायाचित्र निघते. गेल्या वर्षी ज्याच्या दुकानाची काच फुटली तो तेथे नसतो; ज्या गल्लीतून मिरवणूक नेण्यावरून कुरबूर आहे त्या गल्लीतला कोणी बोलावलेला नसतो, आणि बोलावला असेल तर त्याने तोंड उघडताच त्यास सांगण्यात येते, की ही जागा वाद काढण्याची नव्हे, वातावरण बिघडवू नका. म्हणजे दंड उंच धरला जातो, मैदान गप्प होते. फरक एवढाच की टाळ वाजविण्याची मुभा कोणालाच नसते. मग तो टाळ पंधरा दिवसांनी चौकात वाजतो, आणि तेव्हा तो टाळाचा आवाज नसतो.

अधिकाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एका ठाण्याकडे किती गावे आणि किती माणसे असतात हे मी जाणतो, आणि सण निर्विघ्न पार पडला एवढेच त्यांच्या दप्तरात जमेस धरले जाते हेही जाणतो. परंतु ज्या महाराष्ट्राच्या हमरस्त्यांवरून दरवर्षी लाखो माणसांचा समुदाय तीन आठवडे चालत जातो आणि आपल्या कुरबुरी संध्याकाळच्या संध्याकाळी निकालात काढून पुढच्या मुक्कामास लागतो, आणि ज्याच्या बंदोबस्तास हेच अधिकारी दिवसरात्र उभे असतात, त्या महाराष्ट्रात ही पद्धत ठाण्याच्या दारातून आत यायला हरकत कसली? खर्च काही नाही, नवा कायदा नको, ठरावही नको.

म्हणून तहसीलदार, ठाणेदार आणि या समित्यांवर वर्षानुवर्षे बसणारे आम्ही सन्मान्य नागरिक, या सर्वांस विनंती एवढीच, की यंदाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिले कलम तक्रारींचे ठेवावे आणि आवाहन सर्वांच्या शेवटी. ज्यांचे भांडण आहे त्यांना, आणि विशेषतः त्यांच्या घरच्या बायांना, नावानिशी बोलावणे धाडावे. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि ते निकालात निघेपर्यंत चहा आणू नये.